जिचे सेवापुस्तक कुणी ठेवले नाही

पत्र

मी ८२ वर्षांचा, पाटबंधारे खात्यातून २००१ साली निवृत्त झालेला गृहस्थ. साताऱ्यात राहतो. गेल्या कार्तिकात माझी पत्नी वारली. १९६६ च्या वैशाखापासून आमचा संसार. नोकरीत कोयनानगर, उजनी, धोम अशा धरणांवर बदल्या झाल्या. कोयनेच्या भूकंपात क्वार्टर पडले, तेव्हा थोरला सहा महिन्यांचा होता, पण आम्ही वाचलो. वर्षश्राद्धाला स्मरणिका काढावी असे मुलाच्या मनात आहे. त्याने छापखान्यातून मजकूरही आणला. त्यात ‘प्रेमळ, सोशिक, कष्टाळू, सुगरण’ असे सगळे आहे आणि ते खोटे नाही, पण वाचताना ती मला कुठे दिसली नाही. म्हणून मीच लिहायला बसलो, तर जन्म, लग्न, मुले, नातवंडे, आजार एवढ्यात एक पान झाले आणि पुढे काही सुचेना. तिच्या आयुष्यात घडले तरी काय, असा प्रश्न मनात आला आणि तो आला याचीच लाज वाटली. तिने तीस वर्षे घरी ब्लाउज शिवले. तिची मापांची वही आणि पायमशीन घरात आहे. वहीतल्या एका पानाचे छायाचित्र सोबत पाठवतो. एरवी तिने लिहिलेले काही मागे नाही. मशीन आता देऊन टाकावे असे मुलगा म्हणतो. १९७८ साली तिला बालवाडीत नोकरी मिळत होती, ती माझ्या आईने आणि मी करू दिली नाही. हे लिहावे असे मुलीचे म्हणणे, लिहू नये असे मुलाचे. आई ही गोष्ट हळदीकुंकवाला आलेल्या बायकांनाही सांगत असे, असे मुलगी म्हणते. जर्मनीत शिकणारी नात आजीच्या भाजणीचे प्रमाण विचारते, ते कुणालाच ठाऊक नाही. याच नातीला ती व्हॉट्सॲपवर बोलून निरोप पाठवत असे. तिच्या मोबाईलचे रिचार्ज मी अजून करतो, त्यावरूनही घरात बोलणे होते. काय लिहू आणि कसे लिहू?

— एक वाचक, सातारा

उत्तर

आदरणीय काका,

सादर नमस्कार. मुलाने आणलेला मजकूर बाजूला ठेवा, मात्र त्याच्यावर रागावू नका. आई गेल्यावर मुलाला काहीतरी करावेसे वाटते आणि छापखान्यात अशा प्रसंगाचा मजकूर तयारच असतो. नाव, गाव आणि तिथी बदलली की काम होते. हाच मजकूर, जवळजवळ याच क्रमाने, मी पुष्कळ घरांच्या स्मरणिकांत वाचला आहे, आणि त्या सगळ्या बायका एकीसारखी दुसरी असतील यावर माझा विश्वास नाही. विशेषणे खोटी नसतात, हे तुमचे म्हणणे बरोबरच आहे. अडचण अशी, की ‘सोशिक’ म्हटले की काय सोसले ते सांगण्याची गरज उरत नाही, आणि ‘कष्टाळू’ म्हटले की कोणते काम रात्री किती वाजेपर्यंत चालत असे हे कुणी विचारत नाही. तुम्हाला काकू त्या मजकुरात दिसल्या नाहीत, कारण त्यात त्या काही करताना दिसत नाहीत.

आता तुमच्या त्या एका पानाविषयी. तुम्ही सरकारी नोकरी केलीत, तेव्हा सेवापुस्तक म्हणजे काय हे तुम्हाला सांगायला नको. नेमणुकीची तारीख, प्रत्येक बदली, प्रत्येक वेतनवाढ, अर्जित रजा, वैद्यकीय रजा, सगळे त्यात सही-शिक्क्यानिशी नोंदलेले असते, आणि म्हणून तुमच्या आयुष्यात काय घडले असे कुणी विचारले तर तुम्ही पंधरा मिनिटांत तारखांसह सांगाल. काकूंच्या कामाचे असे पुस्तक कुणी ठेवले नाही. तुम्ही लिहिलेल्या पानावर जन्म, लग्न, बाळंतपणे आणि आजार तेवढे आले, ते याच कारणाने: बाईच्या आयुष्यातल्या एवढ्याच गोष्टींची दप्तरी नोंद होते. यात लाज वाटण्यासारखे मला काही दिसत नाही. तुम्ही जिथे शोधलेत तिथे ती माहिती नव्हती, इतकेच.

म्हणून माझी पहिली सूचना अशी, की कोऱ्या कागदापुढे बसू नका. तुमच्या सेवापुस्तकाची प्रत कपाटात असेल, ती काढा. नसेल तर बदल्यांची यादी आठवून करा, ती तुम्हाला सहज जमेल. वहीच्या डाव्या पानावर तुमची नोंद उतरवा आणि उजव्या पानावर त्याच काळात काकू काय करत होत्या ते लिहा. तुमच्या बदलीचा आदेश एका ओळीचा असे. त्या ओळीनंतरचे सगळे काम त्यांनी केले असणार. सामान बांधणे, बरण्या चिंध्यांत गुंडाळणे, मुलांचे दाखले काढून नव्या शाळेत घालणे, रेशनकार्डावरचे नाव नव्या गावात चढवणे, दूधवाला ठरवणे, आणि जुन्या गावातली गिऱ्हाइके तिथेच सोडून नव्या वसाहतीत ‘मी ब्लाउज शिवते’ हे चार घरी पुन्हा पहिल्यापासून सांगणे. तुमची ज्येष्ठता बदलीबरोबर तुमच्यासोबत आली. त्यांची प्रत्येक गावी शून्यावर आली. हा फरक तुमच्या दोन पानांवर समोरासमोर दिसू लागेल आणि मग लिहायला काही सुचत नाही अशी तक्रार राहणार नाही.

याचे सर्वांत मोठे उदाहरण तुमच्या पत्रातच आहे. ‘कोयनेच्या भूकंपात क्वार्टर पडले, पण आम्ही वाचलो’ हे तुम्ही अर्ध्या ओळीत उरकले आहे. ११ डिसेंबर १९६७ ची ती पहाट. कोयनानगरची बहुतेक घरे त्या धक्क्यात गेली, आणि हादरा साऱ्या पश्चिम महाराष्ट्रात आणि मुंबईपर्यंत जाणवला. त्या वेळी तुमच्या घरात लग्नाला दीड वर्ष झालेली, विशीच्या आतबाहेरची एक मुलगी सहा महिन्यांच्या बाळासह झोपलेली होती. बाळाला कुणी उचलले? दार उघडत होते का? डिसेंबरच्या थंडीत अंगावर काय होते, आणि उजाडल्यावर पहिला चहा कुठे, कोणत्या चुलीवर झाला? तुम्हाला बहुधा धरणावर धाव घ्यावी लागली असेल. मग दिवसभर त्या कुणाबरोबर होत्या? ती रात्र तंबूत काढली की उघड्यावर? त्यानंतर कित्येक दिवस धक्के बसत राहिले, तेव्हा त्या माहेरी गेल्या की तिथेच राहिल्या, आणि हा निर्णय कोणी घेतला? यांतले जेवढे आठवेल तेवढे लिहा, आणि जे आठवत नाही ते ‘मला आठवत नाही’ असे सरळ लिहा. थोरल्या मुलालाही हे वाचू द्या. ज्या बाईविषयी तो छापखान्यातून मजकूर आणतो, तिने त्या पहाटे त्याला काखेत धरून बाहेर काढले असेल, तर त्याला ते पन्नास-साठ वर्षांनी का होईना कळायला हवे.

उजनीच्या वसाहतीतल्या वर्षांचेही असेच आहे. १९७२ चा दुष्काळ तुम्ही सोलापूर जिल्ह्यात काढलात. रेशनवर मिळणारा तो तांबडा मिलो, म्हणजे परदेशातून आलेली ज्वारी, त्याची न वळणारी भाकरी, कामावरच्या माणसांना मिळणारी सुकडी, पाण्याच्या खेपा, हे तुमच्या पिढीला सांगावे लागत नाही, पण नातवंडांना त्यातले अवाक्षर ठाऊक नाही. दुष्काळ कसा होता हे त्यांना पुस्तकात वाचता येईल. आजीने मिलोच्या पिठात काय घातले म्हणजे भाकरी थापता येई, हे मात्र कोणत्याच पुस्तकात नाही.

तुम्ही पाठवलेले मापांच्या वहीतल्या पानाचे छायाचित्र मी बराच वेळ पाहत होते. शाळकरी वही, मधोमध उभी रेघ, आणि प्रत्येक मापाच्या डोक्यावर गिऱ्हाइकाचे नाव म्हणून ‘पोस्टातल्या बाई’, ‘नर्सबाई मोठ्या’, ‘विहिरीजवळची सून’. खाली उंची, छाती, कंबर, मुंढा, बाही, दंड, पुढचा गळा, मागचा गळा, सगळे इंचांत, आणि आकडे इतके घट्ट की एका पानात चार बायका बसल्या आहेत. एकीपुढे ‘अस्तर तिचे’, एकीपुढे ‘हुक मागे नको’, आणि एका नावापुढे शिलाईचा आकडा लिहून त्याला गोल केलेला नाही. बाकीच्यांना केला आहे. पैसे आले की गोल, असा त्यांचा हिशेब असावा. तुम्ही म्हणता, तिने लिहिलेले काही मागे नाही. काका, तीस वर्षांची रोजनिशी तुमच्या घरात आहे!

ही वही नीट वाचा, आणि एकट्याने वाचू नका. मुलगी येईल तेव्हा तिला शेजारी बसवा, कारण मापे तिला तुमच्यापेक्षा लवकर कळतील. एकाच बाईचे नाव काही वर्षांनी पुन्हा येते तेव्हा तिची कंबर वाढलेली असते, कधी छातीचे माप मोठ्या दुखण्यानंतर कमी झालेले असते, कधी तिच्या नावाशेजारी तिच्या मुलीचे पहिले माप येते. वसाहतीतल्या बायकांच्या अंगावर वर्षे कशी चढली हे काकूंना नवऱ्यांच्याही आधी ठाऊक होत असणार. त्या मशीनवर बसून त्यांनी काय काय ऐकले असेल याची आपल्याला फक्त कल्पना करायची आहे. गोल केलेले आकडे मात्र बेरजेचे आहेत, ते बेरीज करून पाहा. एका वर्षात किती आले, आणि ते गेले कुठे? मुलीच्या कॉलेजची फी, पहिला कुकर, की तुमच्या बहिणीच्या लग्नातला आहेर? तुमच्या पगाराचे काय झाले ते तुम्हाला माहीत आहे. त्यांच्या शिलाईचे काय झाले हे तुम्ही पत्रात लिहिलेले नाही, आणि मला वाटते तुम्ही ते कधी विचारलेही नसावे.

या वहीचे एखादे पान स्मरणिकेत जरूर छापा, पण नावे झाकून. त्या बायकांपैकी काही आजही साताऱ्यात किंवा वाईत असतील, आणि १९७९ सालचे आपल्या कमरेचे माप पुस्तकात छापून आलेले कुणालाच आवडणार नाही.

पायमशीनविषयी मुलगा म्हणतो ते अगदीच चूक नाही. लोखंडाचे ते धूड फ्लॅटमध्ये वागवणे अवघड असते, आणि झाकण घालून कोपऱ्यात देव्हाऱ्यासारखे ठेवलेले मशीन गंजून जाते. ते चालवणाऱ्या बाईला द्यावे असे माझे मत आहे, भंगारात मात्र नको. देण्यापूर्वी खण रिकामा करून एका डब्यात भरा: बॉबिन, शटल, खडूचा तुकडा, इंचटेप, बटणे, काजे करायची सुई. एखाद्या बॉबिनवर शेवटचा दोरा गुंडाळलेला असेल, तो तसाच राहू द्या. त्याचा रंग लिहून ठेवा, आणि तो कुणाच्या ब्लाउजचा हे आठवत असेल तर तेही. मग मशीन घराबाहेर गेले तरी काही हरवणार नाही.

आता माहेर. पत्राच्या शेवटी तुम्ही त्यांची दोन नावे लिहिली आहेत, सासरचे आधी आणि माहेरचे कंसात. ती इथे छापत नाही, पण तो कंस मला खटकला. लग्नाच्या दिवशी ताटातल्या तांदळांत अंगठीने नवे नाव लिहिले, म्हणून त्याआधीची अठरा-एकोणीस वर्षे कंसात जात नाहीत. स्मरणिकेचा पहिला भाग पूर्णपणे त्या पहिल्या नावाचा असू द्या. गाव कोणते, घर कोणत्या आळीत, किती भावंडांत कितव्या, शाळा कितवीपर्यंत आणि पुढे का थांबली. त्यांचा शाळा सोडल्याचा दाखला मिळाला तर पाहा, मात्र त्यावर जन्मतारीख १ जून असेल तर ती पत्करू नका. त्या पिढीत मास्तर मुलाला शाळेत घालताना सोयीची म्हणून हीच तारीख लिहीत आणि अर्धा महाराष्ट्र आजही १ जूनला वाढदिवस साजरा करतो. खरा महिना बहुधा त्यांच्या धाकट्या बहिणीला ठाऊक असेल. ‘आई सांगायची, नागपंचमीला झाली’ अशा स्वरूपात.

या बहिणीला तुम्ही सर्वांत आधी गाठा. भाचे, मुले, नातवंडे यांना पुढच्या वर्षी विचारले तरी चालेल. पंचाहत्तरीच्या मेहुणीचे तसे नाही. फोनवर नको, समोर बसून, आणि शक्य तर मुलीला पाठवा, कारण थोरल्या बहिणीच्या नवऱ्यासमोर ती मोकळेपणाने बोलणार नाही. ‘ताई कशी होती?’ असे विचारले तर उत्तर येईल, ‘फार मायाळू होती’, आणि आपण पुन्हा छापखान्याच्या दारात जाऊन उभे राहू. विचारायचे ते असे: शाळेत कुणाबरोबर जायची, मार कशासाठी खाल्ला, पोहायला कुठे शिकली, तिला पाहायला आले तेव्हा साडी कुणाची नेसवली होती, सासरी जाताना रडली की नाही. फोनमधला रेकॉर्डर चालू करून टेबलावर ठेवावा आणि तसे आधी सांगावे. बोलता बोलता बहीण एखादी ओवी म्हणाली तर तिला मध्येच तोडू नये. त्यांच्या आईने जात्यावर बसून ज्या ओव्या म्हटल्या, त्या या मुलींच्या कानांवर झोपेतच पडलेल्या असतात. हेमा राईरकर आणि गी पॉइत्वाँ या अभ्यासकांनी महाराष्ट्राच्या खेड्यापाड्यांतून अशा लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या, तेव्हा माहेर, सासुरवास, भाऊ, पाऊस यांविषयी बायकांनी किती नेमकेपणाने सांगून ठेवले आहे हे शहरी वाचकांना कळले. तुमच्या सासूबाईंची एखादी ओवी मेहुणीच्या तोंडून मिळाली, तर स्मरणिकेच्या पहिल्या पानावर तिच्याइतके योग्य दुसरे काही असणार नाही.

घरातली भांडीही वाचा, हे मी गमतीने म्हणत नाही. आपल्याकडे भांड्यांवर नावे घालतात, आणि ती कुणी कधी वाचत नाही. लग्नातल्या पितळी पातेल्यावर काकूंचे माहेरचे नाव असण्याचा संभव आहे. पुढच्या स्टीलच्या डब्यांवर, ताटांवर ‘बारशानिमित्त मावशीकडून’, ‘वास्तुशांत’ असे काही आणि शेजारी तारीख. ज्या वर्षांचे एकही छायाचित्र नाही, त्या वर्षांच्या तारखा तुम्हाला मांडणीवर सापडतील. कोण आले होते, कोण नव्हते, हेही.

याच मांडणीवर नातीच्या प्रश्नाचे उत्तर आहे. भाजणीचे प्रमाण कुणाला ठाऊक नाही असे तुम्ही म्हणता, पण तुमच्या गिरणीवाल्याला विचारलेत का? वर्षानुवर्षे काकूंचा डबा त्याच्याकडे जात असेल तर ज्वारी, बाजरी, तांदूळ, हरभऱ्याची डाळ, उडीद यांत काय जास्त असे आणि धने किती दिसत, हे त्याने रोज नजरेने पाहिलेले आहे. सूनबाईंनी कधी कढईजवळ बसून भाजले असेल तर त्यांचा हात सांगेल. दोघांचे ऐकून एकदा करून पाहा, चव जुळेपर्यंत पुन्हा करा, आणि जुळली की काकू ज्या वाटीने मोजत त्याच वाटीने मोजून मग ते ग्रॅममध्ये लिहा, कारण जर्मनीतल्या मुलीला तुमच्या घरातली वाटी कशी कळणार? वाटी मात्र तिला पाठवून द्या.

१९७८ च्या नोकरीविषयी मी तुमच्या मुलीच्या बाजूची आहे, आणि त्याचे कारण सांगते. अशा प्रसंगी मी एक कसोटी लावते: गेलेल्या व्यक्तीने ही गोष्ट स्वतः चारचौघांत सांगितली होती का? काकूंनी बंद दाराआड केवळ तुम्हाला सांगितलेले जे असेल, ते तुमच्याजवळच राहू द्या, मुलांनी कितीही विचारले तरी. पण ही नोकरी हुकल्याची गोष्ट त्या हळदीकुंकवाला आलेल्या बायकांनाही सांगत, असे तुमची मुलगी म्हणते असे तुम्हीच लिहिले आहे. म्हणजे ती त्यांच्या चरित्राचा भाग आहे, असा निर्णय त्यांनी स्वतःच दिला. आपण ती गाळली तर चरित्र त्यांचे राहणार नाही.

कसे लिहायचे, एवढाच प्रश्न उरतो. माझा आग्रह असा, की ते तीन-चार साध्या वाक्यांत लिहावे. नोकरी कोणती, कोणी कळवली, घरात काय बोलणे झाले, कोण नाही म्हणाले, आणि काकू त्यावर काय म्हणाल्या, त्यांच्याच शब्दांत. ‘त्या काळी असेच होते’ हे वाक्य घालू नका; ते खरे असले तरी तुमच्या बचावाचे आहे, आणि बालवाडीत जाणाऱ्या बायकाही त्याच काळात होत्या. त्याचबरोबर पानभर पश्चात्तापही नको, कारण तसे केलेत तर ते पान काकूंचे न राहता तुमचे होईल. दिवंगत आईवर सगळे ढकलू नका. पत्रात तुम्ही ‘माझ्या आईने आणि मी’ असे लिहिले आहे, त्यातला ‘आणि मी’ पुस्तकातही तसाच ठेवा. मुलाला वाटते की याने आईच्या स्मरणिकेला डाग लागेल. त्याच्याशी वाद घालू नका, लिहिलेले त्याला वाचायला द्या. बहुतेक वेळा मुलांना भीती असते ती वडील लहान होतील याची, आणि असे चार वाक्यांचे सरळ लिहिणे वाचल्यावर ती भीती राहत नाही. त्यानंतरही त्याचे मत वेगळे असेल तर त्याने आपले पान वेगळे लिहावे आणि तेही छापावे.

नातवंडांनाही लिहू द्या, पण त्यांच्या लेखनाला हात लावू नका. तुम्ही जिला पत्नी म्हणून ओळखलेत ती बाई त्यांनी पाहिलेली नाही. त्यांना भेटली ती पत्त्यांत लबाडी करणारी, मालिका चालू असताना फोन न उचलणारी, गुडघ्याला तेल लावून घेणारी आजी. कुणी लिहील की आजी कधी रागावली नाही आणि दुसरा लिहील की आजीचा फार धाक होता. दोन्ही ठेवा. प्रत्येकाने एकच प्रसंग, अर्धे पान, एवढीच अट घाला, नाहीतर सगळी मुले ‘आजी, तू आम्हाला सोडून का गेलीस’ या पत्रावर उतरतात आणि त्यात आजीविषयी काहीच नसते.

छायाचित्रांविषयी थोडक्यात. जुन्या कृष्णधवल फोटोंना लॅमिनेशन करू नका आणि सेलोटेप लावू नका. चिकट पानांच्या अल्बममधले फोटो ओढून काढू नका. पान तसेच खिडकीजवळच्या उजेडात ठेवून, फ्लॅश बंद करून, मोबाईलवर फोटो घ्या. मागे नावे लिहायची ती मऊ पेन्सिलीने, कारण बॉलपेनचा दाब पुढच्या बाजूला उठतो. काकू फोटोंत कमी सापडतील, सापडल्या तरी कडेला, अर्ध्या वळलेल्या, हातात काहीतरी घेतलेल्या. असे फोटो वगळून स्टुडिओतला एकच मोठा छापण्याचा मोह छापखान्याला होतो, त्याला बळी पडू नका.

वर्षश्राद्धाच्या दिवशीच पुस्तक वाटायचे हा हट्ट मात्र सोडा. कार्तिक आता फार लांब नाही आणि मेहुणीकडे जाणेही अजून व्हायचे आहे. त्या दिवशी विधी करा, जेवण घाला, आणि हवे तर एका कागदावर त्यांची दोन्ही नावे आणि ती ओवी छापून द्या. काकू सवाष्ण गेल्या, तेव्हा वर्ष पुरे झाल्यावर पुढच्या भाद्रपदापासून पितृपक्षातली अविधवा नवमी तुमच्याकडे सुरू होईल. सवाष्णीला जेवू घालून तिची ओटी भरण्याचा तो दिवस. पुष्कळ घरांतून नवरा असेपर्यंतच ही नवमी करतात, त्यामुळे ती एका अर्थाने तुमच्या दोघांची आहे. पुस्तक त्या दिवसापर्यंत तयार होऊ द्या. आता थोड्या प्रतीही छापून मिळतात, तेव्हा तीनशेच्या गठ्ठ्याची गरज नाही. जे वाचतील त्यांच्यापुरत्या काढा. हात थरथरत असेल तर मोबाईलवर मराठीत बोलून मजकूर उमटवता येतो, नातू दाखवील. रोज थोडेच लिहा, आणि लिहिल्यामुळे रात्रीची झोप जाऊ लागली तर आठवडाभर थांबा. झोप तरीही परतली नाही तर डॉक्टरांना सांगा.

राहिला मोबाईल. नातीला पाठवलेले आवाजी निरोप सध्या तिच्या फोनमध्ये आहेत आणि फोन बदलताना अशा गोष्टी सहज जातात, म्हणून तिला आजच सांगा की ते सगळे वेगळे काढून संगणकावर आणि एका पेनड्राइव्हवर ठेवावेत, तारखांसह. काकूंचा फोन बंद पडून असेल तर चार्ज करून इंटरनेटला जोडा, कारण व्हॉट्सॲपचे खाते सलग १२० दिवस वापरले नाही तर काढून टाकले जाते. गेले असेल तरी फोनमधले फोटो आणि आवाज वाचवता येतात का ते नातवाकडून पाहून घ्या. नंबरचेही असेच आहे. ९० दिवस काही वापर झाला नाही तर कंपनी तो बंद करू शकते आणि पुढे दुसऱ्या कुणाला देते, मग एखाद्या सणाला नातवाचा चुकून गेलेला निरोप परक्या माणसाच्या हाती पडतो. त्यांच्या बँकेचे, गॅसचे निरोप अजून त्यावर येत असतील, तीही कामे उरकायची आहेत. तेव्हा रिचार्ज करत राहा, अधूनमधून त्यावरून एखादा फोनही लावा, आणि घरात पुन्हा विषय निघाला तर सांगा की हा खर्च माझ्या पेन्शनमधून होतो.